जंगली तांदळाची तळी, तणनाशकं आणि जून महिना

लेकव्ह्यू_सातारकर | १४ एप्रिल, रात्री ९:४०

उत्तर मिनेसोटातल्या तळ्यांत उगवणाऱ्या जंगली तांदळाबद्दल (ओजिब्वे लोकांचा मनोमिन, शास्त्रीय नाव झिझानिया पॅलुस्ट्रिस) जाणकारांकडून माहिती हवी आहे. नेटवर भावनिक लेख ढीगभर आहेत, उपयोगाचं थोडंच सापडतं.

परिस्थिती अशी. तळं साधारण ३०० एकर, सरासरी खोली १० फूट. युरेशियन वॉटरमिलफॉइल हे परकं पाणतण वाढलंय. तळ्याकाठच्या रहिवासी संघटनेपुढे प्रस्ताव आहे की ५ एकरांच्या पट्ट्यात (खोली ६ फूट) २,४-डी हे तणनाशक सोडायचं, मेच्या मध्याला. त्या पट्ट्याला लागून २० एकरांचा उथळ कोपरा आहे, पाणी दोन फूट, आणि तिथे दरवर्षी तांदूळ येतो. ठेकेदार म्हणतो, "हे औषध रुंद पानांच्या तणाचं. तांदूळ म्हणजे गवत, त्याला काही होत नाही. शिवाय मेमध्ये देशी वनस्पती उठलेल्याच नसतात."

दक्षिणेला मका, सोयाबीन आणि बटाट्याची शेती आहे, तिचं पाणी एका चराने तळ्यात येतं.

प्रश्न तीन: ठेकेदाराचं कितपत खरं? शेतातल्या फवारणीचा धोका किती? आणि परवाना निघण्याआधी नेमकं काय मागायचं?

टवाळखोर | १४ एप्रिल, रात्री ९:५२

म्हणजे तळ्याकाठची मीटिंग आणि कोथरूडच्या सोसायटीची मीटिंग यात फरक एवढाच, की तिथे पार्किंगऐवजी मिलफॉइलवरून भांडतात. खुर्ची पकडून बसलोय.

फवारा | १५ एप्रिल, सकाळी ७:१५

ठेकेदाराचं वाक्य अर्धं बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असलेलं वाक्यच घात करतं.

२,४-डी आपल्याकडे गव्हात आणि उसात मारतात, रुंद पानांचं तण मरतं, पीक राहतं. पण गव्हातसुद्धा ते कधीही मारत नाहीत. फुटवे आल्यावर, पोटरीच्या आधी. त्याआधी कोवळ्या रोपावर पडलं तर पान गुंडाळतं, मुळं आखडतात. पुढे उशीर झाला तर ओंब्या वेड्यावाकड्या येतात. गवत सहन करतं ते ठरावीक वयात आणि ठरावीक मात्रेला.

पाण्यात गोष्ट अजून वेगळी. शेतात औषधाचा थेंब पानावर पडतो आणि वाळतो. तळ्यात रोप औषधाच्या पाण्यात तासन्‌तास, कधी दिवसन्‌दिवस बुडालेलं असतं. त्यामुळे नुसती मात्रा बघून चालत नाही, मात्रा गुणिले वेळ बघायची. जंगली तांदळावर पाणतणनाशकांच्या ज्या चाचण्या झाल्यात, त्यांत रोप जितकं कोवळं तितकं नुकसान जास्त, हेच दिसतं. डायक्वाट हे दुसरं पाणतणनाशक तर कोवळ्या रोपाला थेट जाळतं.

"मेमध्ये देशी वनस्पती उठलेल्या नसतात" हा मुद्दा कंदावर किंवा मुळावर जगणाऱ्या बहुवर्षायू वनस्पतींना लागू. कमळाचा कंद चिखलात झोपलेला असतो, ठीक. जंगली तांदूळ वार्षिक आहे. दरवर्षी बी पासून सुरुवात. पाणी ६-७ अंश सेल्सियसला आलं की बी फुटतं, म्हणजे बर्फ वितळल्यावर थोड्याच दिवसांत. मेच्या मध्याला तो तिथे आहेच, फक्त पाण्याखाली आहे म्हणून दिसत नाही. देशी वनस्पती वाचवायला जी वेळ निवडतात, तीच याच्या सगळ्यात नाजूक वयाची वेळ.

अनुराधा_म | १५ एप्रिल, सकाळी ८:०३

फवारा, छान समजावलंत. या तांदळाचं वर्षाचं चक्र कुणी सांगेल का? आमच्यासारख्यांना दुकानातली काळी लांब काडी एवढंच माहीत.

वल्हं | १५ एप्रिल, सकाळी ११:२०

अनुराधाताई, थोडक्यात:

एप्रिल-मे: चिखलातलं बी फुटतं, रोप पाण्याखाली. मेअखेर ते जूनमध्ये पान पाण्यावर आडवं तरंगतं, लांब फितीसारखं. जूनअखेरीपासून ताठ उभं राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये फुलोरा, वरच्या टोकाला मादी फुलं आणि खाली नर, परागण वाऱ्याने. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये दाणा पिकतो, तोही एकदम नाही, एकाच लोंबीत दहा-पंधरा दिवस थोडा थोडा. पिकलेला दाणा गळून पाण्यात जातो आणि कुसळाच्या जोरावर सरळ चिखलात रुततो. मग थंडगार पाण्यात तीन-चार महिने झोपल्याशिवाय तो फुटत नाही. बी कोरडं पडलं की मेलं. पण ओल्या चिखलात काही बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं, म्हणून एक वर्ष पीक बुडालं तरी तळं लगेच रिकामं होत नाही.

तरंगत्या पानाचा टप्पा सगळ्यात धोक्याचा. तेव्हा मुळं वरवर असतात आणि पान हवेच्या पोकळ्यांमुळे तरंगतं. पाणी अर्धा फूट जरी झपाट्याने चढलं तरी रोप उचकटून मुळासकट वर येतं. वेगाने बोट गेली तरी तेच. २०१२ च्या जूनमध्ये डुलुथच्या बाजूला अतिवृष्टी झाली, त्या वर्षी तिकडच्या कित्येक तळ्यांत तांदूळ आलाच नाही. तिथे औषधाचा एक थेंब पडला नव्हता.

गाळमाती | १५ एप्रिल, दुपारी २:४५

सातारकर, तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडतो. एक एकर क्षेत्र, एक फूट पाणी = एक एकर-फूट. एका एकर-फुटात १ पीपीएम (दशलक्ष भागांत एक भाग) साधायला २.७ पौंड क्रियाशील घटक लागतो. मिलफॉइलच्या छोट्या पट्ट्यावर लेबलची कमाल मात्रा ४ पीपीएम, म्हणजे एकर-फुटाला १०.८ पौंड.

तुमचा पट्टा ५ एकर × ६ फूट = ३० एकर-फूट. कमाल मात्रा धरली तर ३२४ पौंड.

ठेकेदार सांगेल की हे सगळ्या तळ्यात पसरून विरतं. ३०० एकर × १० फूट = ३००० एकर-फूट, तिथे ०.०४ पीपीएम. खरं आहे, निरुपद्रवी वाटेल असा आकडा. पण औषध आधी सगळ्या तळ्यात समान पसरत नाही, वारा नेईल तिकडे जातं. छोट्या पट्ट्यावरचं द्रव औषध काही तासांतच बाहेर सरकतं, हे मोजलेलं आहे. समजा चौथा हिस्सा, ८१ पौंड, शेजारच्या तांदळाच्या कोपऱ्यात शिरला. तिथे २० एकर × २ फूट = फक्त ४० एकर-फूट पाणी. ८१ भागिले (४० × २.७) = ०.७५ पीपीएम. सगळं तळं धरून काढलेल्या आकड्याच्या जवळजवळ एकोणीस पट. आणि उथळ कोपऱ्यातून पाणी बाहेर पडायला वेळ लागतो.

तेव्हा ठेकेदाराला सरासरी विचारू नका. कोपऱ्यात किती आणि किती तास, एवढंच विचारा.

टवाळखोर | १५ एप्रिल, दुपारी ३:०१

सरासरी खोली पाच फूट असलेल्या नदीत सहा फुटी गणितज्ञ बुडाला, तोच हा.

चिवडा_नको | १५ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

नवीन तणनाशकं आलीत ना? फ्लोरपायरॉक्सिफेन-बेन्झिल भातशेतीतच वापरतात. भातात चालतं म्हणजे जंगली तांदळाला सुरक्षित, बरोबर?

फवारा | १५ एप्रिल, संध्याकाळी ७:१०

नाही हो. भात म्हणजे ओरायझा, हा झिझानिया. कुळ-जमात जवळची, पण प्रजातीच वेगळी. ओरायझात गुणसूत्रांचा मूळ संच १२ चा, झिझानियात १५ चा. एखादं औषध एका पिकात चालतं ते बहुतेक वेळा त्या पिकाच्या पेशी ते औषध फोडून टाकतात म्हणून. चुलत भावाकडे तोच कारखाना असेल याची खात्री नाही. मात्रा फार कमी लागते हा त्या औषधाचा फायदा नक्की, पण "भातात चालतं" हा पुरावा होऊ शकत नाही.

सुपीरियरकाठी | १५ एप्रिल, रात्री १०:५५

चर्चा चांगली चाललीय पण मला वाटतं गाडी चुकीच्या रुळावर आहे. मिनेसोटात जंगली तांदळाचा खरा शत्रू तणनाशक नाही. सल्फेट आणि पाण्याची पातळी, हे दोन.

१९७३ पासून राज्यात नियम आहे: जंगली तांदूळ येणाऱ्या पाण्यात सल्फेट १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर नको. त्यामागे जॉन मॉइल या जीवशास्त्रज्ञाच्या जुन्या पाहण्या आहेत: सल्फेट जास्त असलेल्या पाण्यात तांदळाची चांगली वाढ सापडत नाही. ईशान्येकडच्या लोखंडाच्या खाणींतून, टाकाऊ गाळाच्या धरणांतून पाझरणाऱ्या पाण्यात सल्फेट या आकड्याच्या कितीतरी पट असतं. शहरांच्या सांडपाण्यातही असतं. नियम आहे, पण पन्नास वर्षांत त्याची अंमलबजावणी जवळपास कागदावरच राहिली. २०१७ मध्ये राज्याच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेने सरसकट १० ऐवजी प्रत्येक तळ्यासाठी वेगळं सूत्र आणायचं ठरवलं, २०१८ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशाने ते नाकारलं आणि प्रस्ताव मागे गेला. २०२१ मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेला स्वतःहून तीसेक तळी-नद्या बाधित पाण्यांच्या यादीत घालाव्या लागल्या, कारण राज्याने त्या घातल्याच नव्हत्या.

मिलफॉइलवरचा पट्टा एक वर्षाचा त्रास देईल. सल्फेट तळं संपवतं.

चिवडा_नको | १६ एप्रिल, सकाळी ६:५०

पण पिण्याच्या पाण्यात २५० मिलिग्रॅमपर्यंत सल्फेट चालतं. माणसाला २५० आणि गवताला १०? खाणवाले हाच प्रश्न विचारतात आणि खरं सांगायचं तर मला तो रास्त वाटतो.

गाळमाती | १६ एप्रिल, सकाळी ९:३०

प्रश्न रास्तच आहे. सल्फेट स्वतः तांदळाला विषारी नाही. काचेच्या भांड्यात सल्फेटच्या पाण्यात रोप ठेवलं तर ते मजेत वाढतं.

खेळ चिखलात होतो. तळाच्या काळ्या गाळात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू श्वासासाठी सल्फेट वापरतात आणि सल्फाइड बाहेर टाकतात, सडक्या अंड्याचा वास तोच. हे सल्फाइड मुळांना घातक. गाळाच्या आत अडकलेल्या पाण्यात, म्हणजे छिद्रजलात, लिटरला १२० मायक्रोग्रॅम सल्फाइड ही मर्यादा त्या २०१७ च्या सूत्रात धरली होती.

आता गुंतागुंत. गाळात लोह भरपूर असेल तर ते सल्फाइडला पकडून लोहसल्फाइड करतं आणि छिद्रजल स्वच्छ राहतं. गाळात सेंद्रिय पदार्थ जास्त असेल तर जिवाणूंना खाद्य जास्त, सल्फाइड जास्त. म्हणून १५ मिलिग्रॅमला एक तळं टिकतं आणि ८ ला दुसरं कुरकुरतं. सूत्र आणायचं कारण हेच होतं. आक्षेप असा की प्रत्येक तळ्यात गाळाचे नमुने घेऊन आकडा काढेपर्यंत खाण चालू राहणार, आणि लोह आज आहे म्हणून उद्या उरेल असं नाही. ते संपतंच.

एक गोष्ट डोळ्यांनी बघण्यासारखी. तांदळाची मुळं स्वतः थोडा प्राणवायू बाहेर सोडतात, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुरुवातीला उपटलेल्या रोपाच्या मुळांवर गंजासारखा नारिंगी थर असतो. फुलोऱ्यानंतर हा प्राणवायू कमी पडतो. सल्फेट जास्त असलेल्या पाण्यातली मुळं तेव्हा काळी पडतात, लोहसल्फाइडचा लेप. नेमकं दाणा भरायच्या वेळी मुळं नत्र उचलू शकत नाहीत. झाड हिरवं दिसतं, लोंबी येते, पण दाणे कमी आणि हलके. पुढच्या वर्षी बी कमी. डुलुथला जॉन पास्टर यांच्या गटाने टाक्यांमध्ये वर्षानुवर्षं हा प्रयोग चालवला, त्यात जास्त सल्फेटच्या टाक्यांत पिढ्यांगणिक झाडं घटत गेली.

म्हणजे सल्फेटचा मारा पीक दिसायला चांगलं असतानाच सुरू झालेला असतो. म्हणून काठावरून बघून "तळं ठीक आहे" म्हणता येत नाही.

अनुराधा_म | १६ एप्रिल, सकाळी १०:०५

थोडं अवांतर. हा तांदूळ शिजायला किती वेळ लागतो? एका पाकिटाला तासभर लागला, दुसरं वीस मिनिटांत झालं. आणि उपासाला चालेल का?

वल्हं | १६ एप्रिल, दुपारी १२:४०

तासभर लागला तो वाफ्यातला. चकचकीत काळा, बांधबंदिस्ती करून, खत घालून लावलेला. मिनेसोटात आणि कॅलिफोर्नियात त्याची शेती होते, आणि त्यात करप्यावर बुरशीनाशक (प्रोपिकोनाझोल) मारतात. वीस मिनिटांत झाला तो तळ्यातला, कढईत हाताने भाजलेला, रंगाने मातकट-तपकिरी, थोडा हिरवट. मिनेसोटाच्या कायद्याने वाफ्यातल्या मालावर तसं छापावं लागतं, तेव्हा पाकीट नीट वाचा.

तळ्यातला गोळा करायची रीत: एकजण होडी लांब काठीने ढकलतो, दुसरा दोन हलक्या दांड्यांनी लोंब्या होडीवर वाकवून हळूच टिपतो. राज्याच्या नियमाने दांडी ३० इंचांहून लांब नको आणि पौंडाहून जड नको, होडी १८ फुटांपर्यंत. जड दांड्याने बदडलं तर देठ मोडतो आणि मागून पिकणारे दाणे जातात. नीट टिपलं तर बराच दाणा पाण्यात पडतोच, तीच पुढची पेरणी.

झाडीपट्टी | १६ एप्रिल, दुपारी १:३०

अनुराधाताई, उपासाचं म्हणाल तर आमच्या भंडारा-गोंदियाकडं याचा लांबचा भाऊ आहे, देवधान. मालगुजारी तलावांत आपोआप उगवणारा जंगली भात, ओरायझा रुफिपोगॉन. कोकणात देवभात म्हणतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, तेव्हा हा चालतो. छत्तीसगडात हलषष्ठीला पसहर तांदूळ खातात तोही याच जातकुळीतला.

धागा भरकटू नये म्हणून कामाचं तेवढं सांगतो. आमच्या तलावांवरचं संकट तुमच्यासारखंच. काठावर बेशरम (हे परकं झुडूप) वाढली, गाळ साचला, वरच्या धानाच्या बांध्यांतून कीडनाशकाचं पाणी उतरतं, आणि गवत्या मासा टाकला की तो वनस्पती सपाट करतो. ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनी काही तलावांत उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट काढली, नांगरून घेतलं, मग पाणवनस्पती हाताने लावल्या. कोणती वनस्पती किती खोलीत लावायची हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी: आधी तण काढायचं आणि त्याच हंगामात देशी लावायचं. नुसतं काढलं तर मोकळ्या जागेत पहिल्यांदा तणच परत येतं.

टवाळखोर | १६ एप्रिल, दुपारी १:४४

म्हणजे मिनेसोटातून ऋषिपंचमीसाठी पार्सल मागवलं तर चालेल. होडीला बैल जुंपत नाहीत.

फवारा | १६ एप्रिल, संध्याकाळी ५:२०

झाडीपट्टीभाऊ, मुद्दा पटला. आता सातारकरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, कारण सुपीरियरकाठी यांनी शेतीला फार स्वस्तात सोडलंय.

मक्यात ॲट्राझिन, मेटोलाक्लोर, ॲसिटोक्लोर ही तणनाशकं पेरणीच्या आसपास जमिनीवर मारतात. उत्तरेत पेरणी मेमध्ये. त्यानंतरचा पहिला जोराचा पाऊस ती सगळ्यात जास्त उचलतो, म्हणजे ओढ्यांतलं प्रमाण मे-जूनमध्ये शिखरावर. वल्हं यांचं वेळापत्रक वर बघा. तरंगत्या पानाचा टप्पा नेमका तोच. ॲट्राझिन प्रकाशसंश्लेषण अडवतं, आणि त्या वेळी रोपाची शिदोरी संपत आलेली असते.

लेबलप्रमाणे ॲट्राझिन तळ्यापासून २०० फुटांच्या आत मारायचं नाही, आणि शेताचं पाणी ज्या ठिकाणी ओढ्याला मिळतं तिथून ६६ फूट सोडायचे. २०१५ च्या राज्य कायद्याने सार्वजनिक पाण्याच्या कडेला सरासरी ५० फूट आणि सार्वजनिक चरांना १६.५ फूट कायमचा हिरवा पट्टा लागतो. हे चांगलं, पण यात एक भोक आहे, शब्दशः. शेताखाली पाणी काढायला पुरलेले सच्छिद्र पाइप या पट्ट्याच्या खालून थेट चरात उघडतात. वर गवत डोलतंय आणि खालून औषध चाललंय. काठावरून चालताना पाइपाची तोंडं शोधा, नकाशावर मांडा. त्या तोंडापाशी पाणी थांबवणारं झडपेचं खोकं बसवता येतं, किंवा पाणी आधी छोट्या पाणथळीत सोडता येतं.

बटाट्याचं वेगळं. करप्यासाठी हंगामभर पुन्हा पुन्हा बुरशीनाशक, त्यात क्लोरोथॅलोनिल नेहमीचं, आणि ते माशांना अतिशय विषारी. कधी विमानाने, कधी फिरत्या सिंचनातून. तिथे धोका वाऱ्याने उडणाऱ्या तुषारांचा. वारा शून्य असताना मारलं तर सुरक्षित असं लोकांना वाटतं, ते चूक. पहाटे किंवा संध्याकाळी जमिनीलगत थंड हवा आणि वर गरम हवा असा उलटा थर असला की बारीक थेंब खाली बसतच नाहीत, तरंगत मैलभर जातात. आणि थंड हवा उतारावरून सखल भागाकडे, म्हणजे तळ्याकडेच वाहते. धूर सरळ वर न जाता आडवा पसरत असेल तर फवारणी थांबवायची.

सुपीरियरकाठी | १६ एप्रिल, रात्री ९:१५

वेळापत्रकाचा मुद्दा मान्य. तरी प्रमाण लक्षात घ्या. राज्यात तांदळाच्या १२०० हून जास्त पाण्यांची नोंद आहे, साठ हजार एकरांच्या वर, आणि त्यातला मोठा भाग जंगलात आहे. तिथे मका नाहीच. तिथे काय आडवं येतं? बीव्हरने (झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी) बांध घातला आणि पाणी दीड फूट चढलं. रस्त्याखालचा पाइप तुंबला. कुणीतरी बोटीसाठी बाहेरच्या तोंडाला फळी वाढवली. संकरित पाणकणीस काठावरून आत सरकलं. कार्प माशांनी तळ ढवळून पाणी गढूळ केलं.

आणि यातली बरीच कामं रसायनाशिवाय होतात. बीव्हरचा बांध फोडला तर दोन रात्रींत तो परत बांधतो. त्यापेक्षा बांधातून छिद्रांचा लांब पाइप आरपार काढायचा (क्लेमसन लेव्हलर), वरच्या टोकाभोवती जाळी. पाणी कुठून जातंय याचा आवाज आणि ओढ बीव्हरला लागत नाही, पातळी हवी तिथे राहते. पाणकणीस पाण्याखाली कापायचं, खुंट किमान काही इंच बुडलेला राहील असं. त्याची मुळं उभ्या देठातून हवा घेतात, खुंट बुडाला की गुदमरतात. एकदा कापून भागत नाही, त्याच हंगामात परत.

फक्त हे सगळं जूनमध्ये करू नका. पातळी घटवायची तर बर्फ जाताच, पान तरंगायच्या आधी, हळूहळू.

चिवडा_नको | १६ एप्रिल, रात्री १०:००

एवढी भानगड करण्यापेक्षा तांदूळ बुडाला तर परत पेरावा. बी मिळतंच की.

वल्हं | १७ एप्रिल, सकाळी ८:१०

मिळतं, पण कारण काढल्याशिवाय पेरलं तर बी वाया. पाणी उंच, चिखलात सल्फाइड, वर कार्प, अशात कितीही ओता.

पेरायचंच तर: बी त्याच पाणलोटातल्या किंवा जवळच्या तळ्यातलं, वाफ्यातलं अजिबात नको, कारण वाफ्याच्या वाणात दाणा गळू नये म्हणून निवड केलेली असते आणि नैसर्गिक तळ्यात गळणं हाच जीव. ताजं, हिरवं, न वाळवलेलं बी, एकरी साधारण ५० पौंड. गोळा केल्यापासून पेरेपर्यंत ओलं ठेवायचं. एकदोन दिवसांहून जास्त ठेवायचं असेल तर सच्छिद्र पोत्यात थंड वाहत्या पाण्यात बुडवून. ढिगात ठेवलं की आतून तापतं आणि बी मरतं. पेरणी शरद ऋतूतच. पाणी अर्धा ते तीन फूट, गाळ मऊ, थोडा प्रवाह. आणि तीन ते पाच वर्षं सलग, तोवर चिखलात बियांची पेढी तयार होत नाही.

चांगल्या तळ्यातही दरवर्षी सारखं पीक नसतं. भरघोस वर्षानंतर पडलेला पेंढा कुजताना नत्र धरून ठेवतो, मग एकदोन वर्षं बेताची. तेव्हा एका वाईट वर्षावरून औषधाला किंवा खाणीला दोष देऊ नका, आणि एका चांगल्या वर्षावरून क्लीन चिटही देऊ नका.

अनुराधा_म | १७ एप्रिल, सकाळी ९:४५

या सगळ्यात ओजिब्वे लोकांचं म्हणणं कुठे आहे? तळ्याकाठची संघटना, ठेकेदार, खाण, शेतकरी, सगळे बोलले.

सुपीरियरकाठी | १७ एप्रिल, दुपारी १२:२५

योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती.

१८३७ च्या तहात ओजिब्वेंनी जमीन दिली तेव्हा शिकार, मासेमारी आणि जंगली तांदूळ गोळा करायचा हक्क राखला, तांदळाचा उल्लेख तहातच आहे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिल लॅक्स प्रकरणात तो हक्क अजून जिवंत असल्याचं सांगितलं. आता हक्क असून तळ्यात तांदूळच नसेल तर तो हक्क कशाचा, हा त्यांचा साधा युक्तिवाद.

कायद्याने सगळ्यात जास्त साधलं ते फॉन दु लाक बँडने (बँड म्हणजे ओजिब्वेंचा स्वतःचं सरकार असलेला गट). स्वच्छ जल कायद्याखाली त्यांना राज्यासारखा दर्जा आहे, म्हणून स्वतःची पाण्याची मानकं आहेत, सल्फेट १० हेही त्यात. वरच्या बाजूला तांबे-निकेलची खाण मंजूर झाली होती. "आमच्या हद्दीत येणारं पाणी आमचं मानक मोडेल" असं त्यांनी दाखवून दिलं आणि जून २०२३ मध्ये लष्कराच्या अभियंता दलाने त्या खाणीचा पाणथळ परवाना रद्द केला. व्हाइट अर्थ या दुसऱ्या बँडने २०१८ मध्ये मनोमिनलाच कायदेशीर हक्क दिले, २०२१ मध्ये तेलवाहिनीच्या पाणीउपशाविरुद्ध त्याच्या नावाने दावा लावला. २०२२ मध्ये त्यांच्याच अपील न्यायालयाने तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर काढून टाकला. गाजला दुसरा, चालला पहिला. मोजलेला आकडा आणि मानक हातात असलं की लढाई वेगळी होते.

विस्कॉन्सिनला कॅकागॉन आणि बॅड रिव्हरच्या पाणथळी २०१२ पासून रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळींची यादी) आहेत, बॅड रिव्हर बँडच्या मालकीच्या.

सातारकर, तुमचं तळं तह-प्रदेशात आहे का ते आधी बघा. जवळच्या बँडच्या नैसर्गिक संसाधन विभागाला किंवा १८५४ ट्रीटी ऑथॉरिटीला (१८५४ च्या तह-प्रदेशातले हक्क सांभाळणारी बँडांची संस्था) पत्र पाठवा. तांदळाच्या पाण्यांच्या याद्या त्यांच्याकडे असतात, आणि कोणत्या वर्षी कोणत्या कोपऱ्यात किती होता हेही.

लेकव्ह्यू_सातारकर | १७ एप्रिल, रात्री ८:३०

सर्वांचे आभार, अपेक्षेपेक्षा फार जास्त मिळालं. मीटिंग पुढच्या आठवड्यात. मिलफॉइल काढायचंच नाही असं म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. मग अटी काय घालायच्या? आणि पाण्याचे नमुने कसे घ्यायचे?

फवारा | १७ एप्रिल, रात्री ९:५०

अटी माझ्या मते अशा. जंगली तांदूळ उपटायला किंवा मारायला राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा परवाना लागतोच, आणि पाण्यात तणनाशक सोडायलाही. तेव्हा अर्जासोबत गेल्या ऑगस्टमधला तांदळाचा नकाशा जोडा म्हणा. मेमध्ये काढलेला नकाशा चालणार नाही, तेव्हा काही दिसत नाही. कोपऱ्याला लागून असलेल्या निम्म्या पट्ट्यात औषध नको, पाणबुड्याने हाताने उपटून नळीने ओढून घ्यायचं. महाग आहे, पण अडीच एकर म्हणजे सगळं तळं नव्हे. मिलफॉइलचे तुकडे जाळीत पकडायला सांगा, प्रत्येक तुकडा नवं रोप आहे. उरलेल्या पट्ट्यात कमाल मात्रा न वापरता किती पुरते ते लेखी मागा. आणि वारा कोपऱ्याच्या दिशेने असेल त्या दिवशी काम रद्द.

सप्टेंबरमध्ये कापणीनंतर सोडायचा पर्याय कुणी काढेल. तेव्हा तांदळाचं रोप मेलेलंच असतं हे खरं, पण कापणी पूर्ण संपल्याची खात्री हवी, कारण तो दाणा लोक खातात.

गाळमाती | १७ एप्रिल, रात्री ११:०५

नमुने. सल्फेटसाठी २५० मिलीची स्वच्छ प्लास्टिक बाटली, बर्फात ६ अंशांखाली, २८ दिवसांत प्रयोगशाळेत. सोपं आणि स्वस्त. आधी हेच करून टाका. तळ्यात एक, चराच्या तोंडाशी एक, कोपऱ्यात एक.

कीडनाशकांसाठी एक लिटरची गडद काचेची बाटली, टेफ्लॉनच्या अस्तराचं झाकण. बाटली तळ्याच्या पाण्याने विसळायची नाही, काचेला चिकटलेलं आकड्यात मिसळतं. हाताला आदल्या दिवशीचं डासांचं औषध नको. बर्फात ठेवून सात दिवसांच्या आत प्रयोगशाळेत. चराचा नमुना पेरणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात घ्यायचा, पाणी चढत असताना. दुसऱ्या दिवशी निवळल्यावर घेतलेला नमुना स्वच्छच येणार आणि सगळे टाळ्या वाजवणार.

२,४-डी सोडल्यावर कोपऱ्यात १, ३, ६, २४ तासांनी, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. पहिले सहा तास चुकले तर सगळं चुकलं.

गाळातलं सल्फाइड घरच्या घरी मोजायच्या भानगडीत पडू नका. हवा लागली की ते नाहीसं होतं. तिथे छिद्रजल बंद नळीने ओढून झिंक ॲसिटेटमध्ये पकडावं लागतं.

आणि एक, हे मेच्या आधी नक्की करा: ऱ्होडामाइन डब्ल्यूटी हा रंग पट्ट्यात सोडून तो कोपऱ्यात जातो का, किती वेळात, ते बघायचं. औषधाआधीची रंगीत तालीम. ठेकेदाराशी वाद घालायची गरजच उरत नाही.

टवाळखोर | १७ एप्रिल, रात्री ११:१२

तळ्यात गुलाबी रंग. धुळवड एप्रिलमध्ये, तीही मिनेसोटात. शेजारी ९११ ला फोन करतील ते वेगळंच.

गाळमाती | १८ एप्रिल, सकाळी ७:४०

म्हणून आधी खात्याला आणि काठावरच्या घरांना कळवायचं. फ्लोरोमीटर हे रंग मोजायचं यंत्र डोळ्याला न दिसणाऱ्या प्रमाणातलाही रंग पकडतो, त्यामुळे पाणी गुलाबी करायची गरज नसते. कुणी तळ्यातून पिण्याचं पाणी उपसत असेल तर तिथे लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नाही. वारा तुमच्या कोपऱ्याच्या दिशेने असेल तो दिवस निवडा.